बॉक्स बेडमधली मेथी

उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमधल्या एका दुकानात मी नोकरीला आहे आणि माझं मुख्य काम बसणं हे आहे. गिऱ्हाईक सोफ्याभोवती दोन चकरा मारतं, कापड चिमटीत धरून बघतं, वाकून पाय तपासतं आणि मग हमखास विचारतं, "टिकेल ना?" त्यावर आमचे शेठ वाद घालत नाहीत. बसल्या जागेवरून मान वळवतात आणि म्हणतात, "भाऊ, जरा बैठ के दिखाओ." मी जातो, सोफ्याकडे पाठ करतो आणि स्वतःला सोडून देतो. सोफा कण्हतो, पण मोडत नाही. शेठ गिऱ्हाईकाकडे बघून म्हणतात, "अब बोलो साईं." मग बोलण्यासारखं काही उरत नाही. बाकीची दुकानं गॅरंटी कागदावर देतात. आमच्याकडे ती पगारावर ठेवलेली आहे.

हा देह मी एका दिवसात कमावलेला नाही. त्यामागे आमच्या घराची एक रीत आहे.

बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला होते. दुपारपाळी असली की घरी यायला रात्र व्हायची. ते आल्याशिवाय आई ताट मांडायची नाही, स्वतःचंही नाही आणि आमचंही नाही. मी तोवर झोपलेला असायचो. मला उठवायची, भिंतीला टेकवायची आणि घास तोंडात द्यायची. त्या भाताची चव मला कधी कळली नाही, पण सवय मात्र पक्की लागली. घरातला शेवटचा माणूस आत आल्याशिवाय पहिल्याने जेवायचं नाही. पुढे आई गेली, बाबांची नोकरी संपली, अंबरनाथची खोली सोडून आम्ही बदलापूरला मांजर्लीत आलो, तिथे नदीला आलेल्या पुराची आठवण ठेवून दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. पुराचं पाणी वर येणार नव्हतं, पण ही रीत सामानाबरोबर आलीच. फक्त जागा बदलल्या. आता शेवटचा माणूस मी होतो आणि वाट बघणारे बाबा.

आमचं दुकान नऊला बंद होतं असं पाटीवर लिहिलंय. पण नऊला पाच कमी असताना कुणीतरी आत शिरतं, त्याला डायनिंग टेबल बघायचं असतं, टेबल बघता बघता कपाट आठवतं, आणि कपाट म्हटलं की बायकोला फोन लावावा लागतो. शटर पडून मी मांजर्लीला पोचेपर्यंत शेजाऱ्यांच्या मालिका संपलेल्या असायच्या. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसलेले असायचे. मी जिना चढताना धापा टाकायचो, तो आवाज ऐकून ते आत माझ्या बायकोला वर्दी द्यायचे, "आला. तवा ठेव."

बाबांना शुगर आहे. डॉक्टरांनी संध्याकाळच्या जेवणाआधी घ्यायची एक गोळी दिलेली होती. आयुष्यभर भोंग्यावर चाललेला माणूस तो. आठ वाजले की गोळी, त्यात इकडचं तिकडे नाही. म्हणजे गोळी कारखान्याच्या वेळेवर आणि जेवण माझ्या वेळेवर. या दोन वेळांच्या मधे काय होतं, याचा विचार घरात कुणी केलाच नव्हता. मी तर नाहीच. मला वाटायचं, गोळी पोटात गेली म्हणजे ती गप पडून राहत असेल माझी वाट बघत, बाकीच्यांसारखीच.

एके दिवशी मी आलो तर जिन्यात वर्दी ऐकू आली नाही. दार उघडं. बाबा खुर्चीतच होते, पण शर्ट घामाने ओला, हात थरथरतोय, नजर माझ्यावर आणि तरी माझ्यावर नाही. बायको गुडघ्यावर बसून त्यांच्या तोंडाला साखरेच्या पाण्याचा पेला लावत होती. थोडं पाणी आत जात होतं, थोडं हनुवटीवरून गळत होतं. मी बॅग खांद्यावर तशीच ठेवून उभा राहिलो. काही वेळाने बाबांनी मला ओळखलं आणि बायकोला म्हणाले, "हा आला गं. वाढ."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाबांना रागावले नाहीत, मला रागावले.

"गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात पोटात अन्न गेलं पाहिजे. तुम्ही दोन-अडीच तास उपाशी ठेवता त्यांना?"

"मी कुठे ठेवतो? ते राहतात."

"मग त्यांना साडेसातच्या आसपास जेवायला लावा. आणि तुम्ही." त्यांनी माझ्याकडे टेबलाच्या कडेवरून पाहिलं. कडेवरून दिसण्यासारखं बरंच होतं. "तुम्ही रात्री जेवून लगेच आडवे होत असाल."

"उशिरा जेवल्यानं वजन वाढतं का हो, डॉक्टर?"

"काहींचं वाढतं. अन्न तेच असलं तरी रात्री शरीर ते तितकंसं नीट हाताळत नाही, असं दिसतं. पण सगळा दोष घड्याळावर टाकू नका. दिवसभरात किती खाता, ते आधी बघा."

हा शेवटचा भाग मी ऐकला नाही. दोष टाकायला भिंतीवरचं घड्याळ सापडलेलं असताना माणूस ताटाकडे कशाला बघेल?

घरी आल्यावर खरा पेच पुढे आला. बाबा म्हणाले, "डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे. पण पोरगं तिकडे उपाशी उभं असताना माझ्या घशाखाली उतरत नाही, त्याला मी काय करू?"

"मी उभा नसतो बाबा. माझं काम बसायचंच आहे."

"उपाशी तर असतोस."

बायकोने मार्ग काढला. मला दोन डबे द्यायचे, एक दुपारचा आणि एक संध्याकाळचा. मी दुकानातच सातला जेवायचं, बाबांनी घरी साडेसातला. "मग कुणी कुणासाठी थांबायला नको," ती म्हणाली.

बाबांनी मला विचारलं, "नक्की जेवशील?"

"नक्की."

"मी फोन करीन सातला. तू जेवलास म्हणालास की मग मी गोळी घेणार आणि पानावर बसणार. नाहीतर नाही."

एवढी साधी अट. मी ती हसत मान्य केली. पिंजऱ्यात शिरणारा उंदीर खोबऱ्याकडे बघत असतो, दाराकडे नाही.

पहिल्या दिवशी मी खरोखर सातला जेवलो. कोपऱ्यातल्या मखमली सोफ्यावर बसून डबा उघडला. बायकोने कौतुकाने कांद्यातली सुकट दिली होती. मी जेवून हात धुऊन येतो तोवर एक जोडपं त्या सोफ्याजवळ उभं होतं. बाई उशीला नाक लावत होती. तिने उशी नवऱ्याच्या नाकाला लावली. दोघं तडक समोरच्या दुकानात गेली. शेठ उठले, उशी घेतली, स्वतः हुंगली आणि माझ्यापुढे धरली. "भाऊ, अपने को सोफा बेचना है, मच्छी नहीं. दुपारी मागे गोडाऊनमधे काय खायचं ते खा. दिवाबत्तीनंतर दुकानात डबा नाही उघडायचा."

"मी सातला मागे जाऊन जेवतो ना शेठ."

"सात बजे? सात बजे तो धंदा है. सात बजे बैठेगा कौन?"

बसणार मीच.

मग मी संध्याकाळचा डबा पाचला खाऊ लागलो, गोडाऊनमधे, फोमच्या गाद्यांच्या थप्पीवर. पाचला खाल्लं असं बाबांना सांगून चाललं असतं का? मी अंदाज घेऊन पाहिला. "बाबा, समजा एखाद दिवशी पाचला जेवलो तर?" ते म्हणाले, "पाचला काय जेवण असतं? तो नाश्ता. मग रात्री पुन्हा भूक लागणार तुला. त्यापेक्षा मी थांबतो की." म्हणजे मेलोच.

तेव्हा रोज सातला फोन वाजला की मी सोफ्यावर उड्या मारता मारता तो कानाला लावायचो.

"जेवलास?"

"जेवतोय," मी म्हणायचो आणि रिकामं तोंड हलवायचो. समोरचं गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहायचं.

"काय आहे?"

हा प्रश्न बाबा कधी चुकवायचे नाहीत. संशयाने नव्हे. आपल्यासमोरही तीच भाजी आहे हे त्यांना ताडून बघायचं असायचं. डबा पाचला रिकामा केलेला असल्यामुळे मला उत्तर माहीत असायचं. "गवार." "हां, इकडेपण गवारच. सावकाश खा." फोन बंद. मग मी गिळल्यासारखं करायचो आणि शेठ खुणेने विचारायचे, की आता उड्या पुढे चालू करायच्या का.

पाचला जेवलेला माणूस रात्री बदलापूरला उतरतो तेव्हा त्याच्या पोटात काय असतं हे ज्याला अनुभव आहे त्यालाच कळेल. आणि घरी तर मी जेवून आलेला माणूस होतो. घरात ताट मागायची सोय नव्हती. स्टेशनबाहेर पश्चिमेला एका ताईंची भुर्जीपावची गाडी लागते. पहिल्यांदा मी नुसताच थांबलो. दुसऱ्यांदा हाफ घेतली. पुढे पुढे ताई मला लांबून बघूनच अंडी फोडायच्या आणि विचारायच्या, "डबल ना?" मी इकडे तिकडे बघून मान हलवायचो. अवैध धंदे करणारी माणसं कशी बघत असतील, तसा.

हिशोब बघा. दुपारचा डबा होताच. शेठच्या घरून येणारं दालपकवान किंवा समोसे होतेच, कारण गॅरंटी बारीक होऊ नये याची शेठना काळजी. त्यात पाचचा डबा आणि रात्रीची डबल भुर्जी. उशिरा जेवल्याने माणूस जाड होतो का, हे मला विचारू नका. मी लवकरही जेवत होतो आणि उशिराही, आणि ते एकाच दिवशी.

पँटचं बटण लागेना तेव्हा बायको म्हणाली, "सातला जेवून वजन कमी होतं म्हणतात."

"शरीर आधी फुगतं. मग उतरतं."

"असं कुणी सांगितलं?"

"असं असतं."

तिने पँट शिवणाऱ्याकडे दिली.

इकडे बाबा मात्र सुधारत होते. साडेसातला जेवायचे, शतपावली करायचे, वेळेवर झोपायचे. थरथर नाही, घाम नाही. शुगरचा रिपोर्ट बघून डॉक्टर स्वतःहून हसले. मी खोटं बोलत होतो आणि ते औषधासारखं लागू पडत होतं. रोज फोन वाजायच्या आधी वाटायचं, आज सांगून टाकू. पण सांगितलं की ते पुन्हा दारात खुर्ची टाकणार, गोळी घेऊन माझी वाट बघणार. तो साखरेचा पेला मला दिसायचा. मग मी रिकामं तोंड हलवायचो.

गोष्ट इथे थांबली असती तरी मी निभावून नेलं असतं. पण बाबांना माझा अभिमान वाटू लागला.

आमच्या इथल्या बुद्धविहारात बाबा नेमाने जातात. तब्येत धड होती तेव्हा पौर्णिमेला ते अष्टशील घ्यायचे, म्हणजे त्या दिवशी दुपारी बारानंतर अन्न नाही. शुगर झाल्यावर डॉक्टरांनी ते बंद केलं, याची त्यांच्या मनाला रुखरुख होती. माझ्या सातच्या जेवणात त्यांना तिची भरपाई दिसली. "बारा नाही तर नाही, पण अवेळी खायचं नाही एवढं तरी पोराने धरलंय," ते सगळ्यांना सांगायचे. "आणि तेही कुठे? मार्केटमधे. जिथे लोक रात्री शटर पाडून चरतात." पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत, एका रविवारी वंदना झाल्यावर तिथल्या वडीलधाऱ्यांनी मला उभंच केलं. म्हणाले, तरुण पिढीला दोन शब्द सांगा.

आता वंदना म्हटली की पंचशील आलं आणि पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. गेले कित्येक रविवार त्या चौथ्याला माझा आवाज आपोआप खाली जायचा, जशी बाजूच्या माणसाला वाट करून द्यावी. ते म्हणून झाल्यावर पाच मिनिटांत मी उभा राहून सांगत होतो, की सातच्या आत जेवलं की सकाळी अंग कसं पिसासारखं वाटतं. आदल्या रात्रीची भुर्जी मधूनच घशाशी येऊन श्रोत्यांत बसू बघत होती. मी भाषण संपवून प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो तशी तिने चारही पाय फाकवले.

मागून एक आजी म्हणाल्या, "पिसासारखं वाटतं, तर दिसत का नाही रे?"

बाबांनी मागे वळून उत्तर दिलं, "हाड जाड आहे त्याचं. आईकडचं आहे ते."

सगळी हसली. मीही हसलो. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता आणि तो बराच वेळ तिथेच होता. त्या हाताखालून निसटायला जागा नव्हती.

पुढची गोष्ट दिवाळीनंतरची, लग्नसराईच्या तोंडावरची. त्या दिवशी सकाळी बायकोने मला एकच डबा दिला. मला वाटलं, दुसरा विसरली. मी विचारलं नाही, उगाच चौकशी निघू नये म्हणून. पाचला समोसे खाल्ले आणि सातला कुठली भाजी सांगायची ते मनात ठरवून ठेवलं.

सातच्या सुमाराला शहाडहून एक बाई आणि तिचा नवरा लेकीच्या लग्नासाठी बॉक्स बेड बघायला आले. बॉक्स बेड म्हणजे पलंगच, पण त्याच्या पोटात पेटी असते. वरची प्लायची फळी उचलली की आत गाद्या, रजया, पाहुण्यांच्या उशा, सगळं संसाराचं जास्तीचं. गादी बाजूला काढून फळी दाखवत होतो. बाईंनी फळीवर बोटाने टकटक केलं.

"मधे दबणार नाही ना? आमचे जावई अंगाने बरे आहेत."

शेठ म्हणाले, "भाऊ, जरा खडे होके दिखाओ."

मी फळीवर चढलो. फळीने काही म्हटलं नाही. बाई म्हणाल्या, "नुसतं उभं राहून काय कळतंय?" शेठ म्हणाले, "थोडा उछलो." मी उडी मारली. दुसरी मारली. तिसरीला खाली काही नव्हतं.

दाखवायच्या बेडला कारागिराने पातळ प्लाय टाकली होती, असं शेठचं आजही म्हणणं आहे. कारागिराचं म्हणणं वेगळं आहे. मला एवढंच माहीत, की मी पाय दुमडून बसल्यासारखा कमरेपर्यंत आत गेलो आणि पोटाशी येऊन अडकलो. मोडलेल्या फळीचे दोन्ही काठ खालच्या अंगाला वाकले होते. खाली जाताना त्यांनी वाट दिली, वर यायला गेलो तर ते पोटात रुतायचे. शेठनी एका हाताला धरून ओढलं, शहाडच्या बाईंच्या नवऱ्याने दुसऱ्या. मी ओरडलो. त्यांनी सोडलं. करवत, हातोडी घेऊन कारागीर टेम्पोबरोबर डिलिव्हरीला गेला होता. शेठनी त्याला फोन लावला. अर्धा तास, तो म्हणाला. बाजूच्या दोन दुकानांतली माणसं येऊन बेडभोवती उभी राहिली, जसं काही बघण्यासारखं असतं तशी.

आणि माझ्या शर्टाच्या खिशात फोन वाजला.

माणसाने अशा वेळी फोन घेऊ नये. पण रोज सातला फोन घ्यायचा, हे आता माझ्या हातालाच माहीत होतं.

"जेवलास?"

"जेवतोय," मी म्हणालो आणि तोंड हलवलं.

"काय आहे आज डब्यात?"

"मेथी."

"कुठे बसलायस?"

"आत बसलोय," मी म्हणालो. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांना सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट.

"आत कुठे? दिसत नाहीस."

हे शब्द मला दोनदा ऐकू आले. एकदा फोनमधून आणि एकदा पाठीमागून. माणसं बाजूला झाली. बाबा उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानाला फोन. त्यांच्या मागे बायको, हातात मोठा डबा. गर्दीत मी दिसत नव्हतो म्हणून त्यांनी दारातून फोन लावला होता.

मी फोन खाली घेतला. बायको म्हणाली, "मेथी मी दिलीच नव्हती आज. डबाच दिला नव्हता. बाबा म्हणाले, सातला तिकडेच जाऊ आणि त्याच्या पंगतीला बसू. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

बाबांनी विचारलं, "लागलंय का कुठे?"

"नाही."

"मग रोज काय खातोस सातला?"

कमरेपर्यंत पलंगात गाडलेल्या माणसाला ऐट राखून खोटं बोलता येत नाही. मी सगळं सांगितलं. उशी, पाचचा डबा, रिकामं तोंड, ताईंची गाडी, डबल. शहाडच्या बाई मधेच म्हणाल्या, "अगंबाई." मला वाटलं बाबा आता चिडतील. मला ते चिडायला हवे होते. पण त्यांनी त्या सगळ्यातलं एकच उचललं.

"म्हणजे सातला तू उपाशीच असायचास."

माझ्याकडे बघून हा निष्कर्ष काढणारा जगात तो एकच माणूस असेल.

तेवढ्यात बायको हळूच म्हणाली, "अहो, बाबांनी गोळी घेतलीय. रिक्षातच घेतली, विठ्ठलवाडी स्टेशनवरून येताना. म्हणाले, पोचलो की जेवायचंच आहे."

रिक्षा मार्केटच्या गर्दीत किती वेळ अडकली असेल कोण जाणे. मी म्हणालो, "बाबा, जेवून घ्या. आत्ता."

"आधी याला काढा," ते शेठना म्हणाले आणि समोरच्या सोफ्यावर बसले. "मग बघू."

"कारागीर येतोय. अर्धा तास लागेल. तुम्ही जेवा."

"तू बाहेर ये. मी थांबतो."

मांजर्लीच्या दारातली खुर्ची उचलून कुणी त्या दुकानात आणून ठेवली असावी, तसे ते बसले होते. पाठ ताठ, हात मांडीवर. मी पुन्हा जोर लावला. फळी पोटात रुतली. पुन्हा लावला. बाबांच्या कपाळावर मला ओल दिसली. मग मांडीवरची बोटं दिसली. ती अगदी थोडी हलत होती. माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो आणि तिथून त्यांच्यापर्यंत पोचायला मला करवत लागणार होती.

मी बायकोला म्हणालो, "मला इथेच वाढ."

"इथे?"

"फळीवर मांड. दोघांचं."

तिने माझ्या पुढ्यातल्या धड फळीवर ताट ठेवलं, समोर दुसरं. बाबांना हाताला धरून आणलं आणि बेडच्या कडेवर बसवलं. डबा उघडला. कांद्यातली सुकट. वास सगळ्या दुकानभर गेला, मखमलीत, फोममधे, पडद्यांत. मी शेठकडे पाहिलं. शेठ बाबांच्या बोटांकडे बघत होते. ते उठले, स्वतः पाण्याचा तांब्या आणला आणि बाबांपुढे ठेवला. बाजूच्या दुकानदारांना म्हणाले, "चलो, सब अपनी अपनी दुकान में. फॅमिली का खाना चल रहा है."

बाबांनी घास केला आणि तसाच धरून ठेवला. मी माझा तोंडात घातला, चावला, गिळला. त्यांनी ते नीट पाहिलं. मग खाल्ला.

शहाडच्या बाई गेल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या. "सुकटीला चिंच घातलीय की कोकम?" त्यांनी बायकोला विचारलं. बायको म्हणाली, कोकम. त्यांचा नवरा शेठना म्हणाला, "आम्ही थांबतो. बेड मात्र दुसरा दाखवा."

दोन-चार घासांनी बाबांची बोटं स्थिर झाली. अर्धी भाकरी झाल्यावर ते ताटाकडे बघतच म्हणाले, "तू खोटं बोललास तर मी जेवतो. खरं बोललास तर मला जेववत नाही. डॉक्टर म्हणतात जेवायलाच पाहिजे. आता तूच सांग, मी काय करायचं?"

तेवढ्यात कारागीर आला, त्याने फळी बाजूने कापून मला मोकळं केलं, आणि कापताना सारखं म्हणत होता की प्लाय चांगली होती.

दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजला. मी एका लाल सोफ्यावर होतो. तोंड आपोआप हलायला लागलं होतं. ते मी थांबवलं.

"जेवलास?"

"नाही."

मागे तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला. "भूक लागलीय?"

"हो बाबा."

आता खुर्ची दारात जाणार, मला वाटलं. पण ताट सरकल्याचा आवाज आला. "मग फोन ठेवू नकोस," ते म्हणाले.

तेव्हापासून हे असंच आहे. सात वाजले की माझ्या एका कानात इयरफोन असतो आणि त्यात बाबा जेवत असतात. भाकरी मोडतात, पाणी पितात, मधेच विचारतात, "कोण आलंय?" मी हळूच सांगतो, कल्याणचं गिऱ्हाईक, कपाट बघतंय. "घेईल का?" "बघू." भुर्जीच्या ताईंना मी आता लांबूनच हात करतो. रात्री घरी बायको माझ्यासाठी झाकून ठेवते तेवढंच खातो, उशिरा, एकटा. पँट पुन्हा शिवणाऱ्याकडे द्यावी लागली, या वेळी आत घ्यायला. शेठ माझ्याकडे बघून उसासा टाकतात. "गॅरंटी कम हो रही है, भाऊ." समोशांची ताटली पुढे सरकवतात. मी एक घेतो. एकच, असं म्हणतो.

काल एक गिऱ्हाईक सोफ्याभोवती फिरून म्हणालं, "टिकेल ना?" मी पाठ केली आणि स्वतःला सोडलं. कानात बाबा चूळ भरत होते. मग फडक्याला हात पुसल्यासारखं झालं.

"झालं माझं," ते म्हणाले. "आता तू ये."

"येतो," मी म्हणालो. गिऱ्हाईकाला वाटलं त्यालाच म्हणतोय. शटर पडायला अजून दोन तास होते, आणि शेठ म्हणत होते, "भाऊ, एक बार और."